शेजारचा वरचा षड्ज

"गुरुजी, आज लागनार बगा!"

खिडकीतून एवढी ग्वाही द्यायची, ट्रम्पेटला ओठ लावायचे, आणि वरच्या षड्जापाशी पोहोचताच तो सूर जुन्या धोतरासारखा टर्रकन फाडायचा, हा आमच्या शेजाऱ्यांचा नित्यनेम. माझ्या प्रातःसंध्येची वेळ नेमकी तीच. वाचकहो, जपात मन स्थिर होऊ लागावे आणि तो चिरका सूर कानी यावा, म्हणजे काय होते हे ज्याचे त्यानेच अनुभवावे.

पनवेलच्या एका बँडपथकात हे गृहस्थ वर्षानुवर्षे पुढच्या रांगेत वाजवीत. पुढचे दात पडले, कवळी आली आणि ओठांची बैठक मोडली. मालकाने बजावले होते, "लग्नसराईत सूर फाटला, तर ट्रम्पेट खाली ठेवायचा नि झांजा घ्यायच्या." म्हणून हा खटाटोप, हे मी जाणत होतो. परंतु चुकले की ते गाणे आरंभापासून वाजवीत आणि पुन्हा तिथेच पडत!

अखेर एके सकाळी मी पळी-पंचपात्र सोडून खिडकीशी गेलो. "अहो, चूक एका ठिकाणी आणि दंड सगळ्या गाण्याला का?"

"मंग काय करू, गुरुजी?"

"आमच्या पाठशाळेत अडणारे पद मागच्या आणि पुढच्या पदाशी जोडून घोकवीत. तेवढेच, सावकाश. ते स्थिर झाल्याविना पुढे जायचे नाही."

"मंजे आजाऱ्याला दोगांच्या मदी धरून चालवायचा!" ते हर्षभरित झाले.

या उपदेशाचे फळ मलाच भोगावे लागले. पूर्वी निदान गाणे तरी होते. आता तीनच सूर, सकाळभर. वर पुन्हा, "गुरुजी, तुमचीच संथा!"

वैशाखात नवरदेवाची एक मिरवणूक आमच्या आळीतून निघाली, वाजवायला यांचेच पथक. माझ्या ओट्यासमोर त्यांनी वरचा षड्ज घेतला: निर्मळ, अकंप. नकळत माझे हात जुळले. आणि हे गृहस्थ पुढे जाईनात! मागचा सूर, वरचा, पुढचा, पुन्हा मागचा. बँड अडखळला, घोडी थबकली.

"अरे म्हाताऱ्या, पुढं सरक! लगीन लागायचा हाय अजून!" मालक ओरडला.

"थांब रं, पक्का होऊ दे!"

झांजा त्यांच्या हाती कधीच आल्या नाहीत. ते गेले तेव्हाही ट्रम्पेट उशाशी होता.

आता माझेही दात गेले आहेत. संध्येत दन्त्य वर्ण निसटतो, तेव्हा तेवढेच पद मागच्या-पुढच्याला धरून पुन्हा म्हणतो. कधी नीट उमटते. शेजारची खिडकी बंद असते. लागला, हे सांगावे तरी कोणाला?