कमानीचं पाणी

वच्छलाबाईचा राग किती टिकतो, हे चामोर्शीच्या बाजारात कुणालाही विचारा. चुलीतला विस्तव राखेखाली झाकावा तसा ती तो झाकून ठेवते, आणि सकाळी फुंकर मारली की पुन्हा लाल. दिरावरचा राग तिनं असा चौदा महिने जपला. त्याचीच ही गोष्ट, आणि ती निघाली एका चाकूवरून.

चाकू म्हणजे घडीचा. मिटला की खिशात नाहीतर कमरेच्या ओच्यात मावणारा. तिचा नवरा वारलू लोहार तो करायचा. पातं ट्रकच्या जुन्या पाट्याचं, मूठ शिसवीची, रिबीट पितळेचे तीन. नक्षी नाही, काही नाही. पण उघडला की 'खट' असा एकच आवाज यायचा. उघडल्यावर पातं केसभर डुलायचं नाही, आणि मिटवून उन्हाकडे धरला तर पातं अन् कमान यांच्या फटीतून उजेड दिसायचा नाही. कमान म्हणजे मुठीच्या पाठीतली पोलादाची पट्टी, पात्याला उघडं धरून ठेवणारी. पातं बोथट झालं तर दगडावर घासता येतं. कमान गेली तर चाकू गेला, आणि जाताना कुणाची बोटं नेईल त्याचा भरवसा नाही. म्हणून तेंदूपत्तावाले, गुराखी, तलावावरचे मासोळीवाले, सगळे आधी कमान तपासायचे. चाकू कानाशी धरून दहादा उघडायचे, दहादा मिटायचे, आणि मग विकत घ्यायचे.

आता खरी गोम बघा. ती कमान वारलूची नव्हतीच. घाव त्याचे होते, पाणी वच्छलाचं होतं. लोखंड तापवून विझवतात, त्यानं त्याला कडकपणा येतो, त्याला लोहार पाणी देणं म्हणतात, मग ते तेलात विझवलं तरी. वारलूला तापल्या लोखंडाचा रंग कळायचा नाही. लाल आणि केशरी त्याला एकच. वच्छलाला तो बरोबर कळायचा. त्यांच्या घरी ऐरण म्हणजे देव, बाईनं तिला हात लावायचा नाही, हातोडा उचलायचा नाही. पण भात्याशी आणि तेलाच्या मडक्याशी बसायला मनाई नव्हती. तशी ती तीस वर्षं बसली, आणि वारलूच्या प्रत्येक चाकूची कमान तिच्या हातातून गेली. हे त्यानं कुणाला सांगितलं नाही. तिनंही नाही, कारण नवरा तिला 'तू आहेस म्हणून माझा चाकू उभा आहे' असं म्हणायचा, आणि तेवढ्यावर तिचं पोट भरायचं. चाकूवर ठसा मात्र 'वा'. वारलूचा.

वारलू दोन वर्षांमागे कावीळ होऊन गेला. तेरवीला धाकटा दीर पोचू राजुऱ्याहून आला. तो तिकडे वेल्डिंगच्या दुकानात कामाला होता, लहानपणी बापाजवळ थोडाफार हातोडा मारलेला. येताना टेम्पो घेऊनच आला. जेवणं झाली आणि चार नातेवाइकांसमोर त्यानं विषय काढला.

"वयनी, ऐरण माझ्या बापाची आहे. बाईच्या घरी ठेवून का करतेस तिचं? हातोडे अन् ठसाबी देऊन टाक."

"चाकू कोण करीन?" वच्छलानं विचारलं.

"मी करीन. तू तर नुसती भाता ओढणारी."

नातेवाइकांनी माना हलवल्या. ऐरण टेम्पोत चढली, हातोडे चढले, ठसा पोचूच्या खिशात गेला. तेलाच्या मडक्याकडे त्यानं ढुंकूनही पाहिलं नाही. मडक्याच्या मागे पत्र्याच्या डब्यात वारलूनं घडून ठेवलेल्या तीसचाळीस कच्च्या कमानी होत्या, त्याही तशाच राहिल्या. 'नुसती' हा शब्द मात्र वच्छलाच्या काळजात रुतून बसला. भांडी घासताना, धान निंदताना, कुठंही ती तो शब्द चघळायची आणि तिच्या तळपायाची आग मस्तकात जायची.

दोन महिन्यांनी पोचू पावभर जिलेबी घेऊन दारात उभा. त्यानं राजुरा सोडून याच गावच्या टोकाला भट्टी मांडली होती, डझनभर चाकू केले होते, पण कमानी वाकायच्या आणि वाकलेल्याच राहायच्या.

"वयनी, दादा कमानीले पाणी कसं देत होता? तू पाहत असशीन नं?"

पाहत असशील म्हणे. वच्छलानं त्याला पाट दिला, चहा टाकला, आणि सांगितलं. पळसाच्या फुलाइतकी लाल कर, त्याच्यापुढे नको जाऊ. पाण्यात नको टाकू, तडकते. मोहाच्या टोळीच्या, म्हणजे बीच्या, तेलात टाक, उभी टाक, आडवी टाकली तर वाकडी होते. यातलं अक्षर न् अक्षर खरं होतं. पोचूनं दोनदा विचारून पाठ करून घेतलं.

"बस, एवढंच?"

"एवढंच," ती म्हणाली.

एवढंच नव्हतं. तेलातून काढलेली कमान काचेइतकी कडक असते. तिला पुन्हा तेल लावून निखाऱ्यावर धरायचं, तेल पेटू द्यायचं, जळून विझू द्यायचं. असं तीनदा. तेव्हा ती कमान वाकते आणि परत येते. हे न केलेली कमान दिसायला उत्तम, आवाजाला तर जास्तच खणखणीत, आणि एक दिवस काही न सांगता मधोमध तुटते. पोचू जिलेबीचा पुडा ठेवून गेला. वच्छलानं ती जिलेबी शेजारच्या बकरीला घातली आणि मनाशी म्हणाली, आता पाजते मी तुले पाणी.

पण सुरुवातीला झालं उलटंच. पोचूचे चाकू धडाधड खपले. वरून ठसा 'वा'चा, आणि खटका वारलूपेक्षाही मोठा. बाजारात लोक म्हणायचे, भावानं भावाचं नाव राखलं. वच्छला भाजीची पिशवी घेऊन त्याच्या बाजारातल्या दुकानापुढून जायची आणि तो वरून हाक मारायचा, "वयनी, बरी आहेस नं?" ती हसायची. दात एकमेकांवर घट्ट दाबून हसायची. दर आठवड्याला ती मुद्दाम त्याच वाटेनं जाई, आणि कान देऊन ऐकत असे, कुठं काही तुटलं का.

थंडी पडली आणि बातम्या येऊ लागल्या. एका गुराख्याची कमान वासरासाठी दोर कापताना तुटली. मग बुरूड सुकलूची, बांबू सोलताना. मग एकाच आठवड्यात तीन. त्या आठवड्यात वच्छला रोज दोन घास भात जास्त जेवली, आणि कबूल करायला तिला आजही लाज नाही.

आणि पुसात, म्हणजे पौष महिन्यात, कुंता आली.

कुंता तलावावर मासोळ्या धरणारी, बाजारात ओट्यावर बसून त्या कापून विकणारी. तिच्या उजव्या हाताला फडकं बांधलेलं होतं. तलावाच्या पारीवर, म्हणजे बांधावर, अडकलेलं जाळं कापताना कमान तुटली, पातं उलटून दोन बोटांवर मिटलं. सरकारी दवाखान्यात टाके पडले, पण आतली शीर गेली होती.

"चाकू मिटला, अन् बोटं मिटून नाई राह्यली," कुंता म्हणाली. "वारलूभाऊचा ठसा पाहून घेतलता, बाई."

वच्छलानं फडकं सोडलं, बोटं पाहिली आणि परत बांधलं. कुंता गेल्यावर तिनं ती दोन बोटंही पोचूच्याच माथी मारली. ठसा कुणी नेला? त्यानं. नुसती भाता ओढणारी कुणाला म्हणाला? तो. तिनं डबा उघडला, वारलूच्या कच्च्या कमानी बाहेर काढल्या, चुलीच्या निखाऱ्यांवर लाल केल्या, तेलात बुडवल्या, आणि एकेक तीनदा पेटवून विझवली.

पुढच्या बाजारी ती पोचूच्या बरोबर समोर पोतं अंथरून बसली. पुढ्यात डबा, दोन कानशी, रिबीट ठोकायला एक गुळगुळीत दगड.

"वारलूच्या ठशाचा तुटका चाकू आणा," ती येणाऱ्याजाणाऱ्याला सांगू लागली. "कमान बदलून देते. ठसा मात्र मी पुसणार."

लोक आले. सुकलू सगळ्यात आधी आला. तिनं रिबीट काढले, कमान बदलली, आणि तिकोनी कानशीच्या कोपऱ्यानं 'वा'चा काना तेवढा घासून काढला. राहिला 'व'. वच्छलाचा. सुकलूनं चाकू उघडला, खट. उन्हाकडे धरला, उजेड नाही. दुपारपर्यंत तिच्यापुढे रांग लागली, आणि पोचूच्या दुकानी माशी बसेना. प्रत्येक काना घासताना तिला आतून इतकं बरं वाटत होतं की हात थकतच नव्हता.

शेवटी पोचूला राहवलं नाही. तो उठून आला आणि रांगेसमोर ओरडला, "अरे, हिनं जसं सांगतलं तसंच मी पाणी दिलं. पळसाच्या फुलाइतकी लाल, टोळीचं तेल, उभी. सगळं हिचंच आहे, इचारा हिले."

वच्छला याच वाक्यासाठी चौदा महिने थांबली होती. ती कानस खाली ठेवून सावकाश उठली.

"ऐकलं का सगळ्यांनी? पाणी माझंच होतं. तीस वर्षं माझंच होतं. अन् याले मी शेवटचं एक काम नाई सांगतलं. मुद्दाम नाई सांगतलं."

जिंकल्याचं सुख तिनं नीट चाखलंही नव्हतं, तेवढ्यात रांगेतून कुंता पुढे आली. डाव्या हातात तिचा तुटका चाकू होता.

"म्हणजे तुले माहीत होतं," ती म्हणाली. "मी तुझ्या दारी आली, तू माझं फडकं बांधलं, तवाबी माहीत होतं."

"मी पोचूवर..." वच्छलानं सुरुवात केली.

कुंतानं चाकू पोत्यावर ठेवला. वच्छला खाली बसली, कमान बदलली, रिबीट ठोकले. मग तिनं कानस आडवी धरली. हा ठसा अख्खाच घासून टाकायचा, असं तिच्या मनात होतं. या चाकूवर तिला कुणाचंच अक्षर नको होतं.

कुंतानं तिचं मनगट धरलं.

"पुरा नको पुसू. बाकीच्यायचा जसा काढला तसा काना तेवढाच काढ."

वच्छलानं वर पाहिलं. कुंता रडत नव्हती, रागावलेलीही दिसत नव्हती. ती फक्त थांबली होती. वच्छलानं काना काढला. त्या दिवशीचा तो एकच काना तिला जड गेला.

पोचू महिन्याभरात राजुऱ्याला परत गेला. जाताना ऐरण अन् हातोडे वच्छलाच्या दारात टाकून गेला. आता ती ऐरणीशी बसते, हातोडा उचलते, आणि कुणाची हिंमत नाही तिला काही म्हणायची. तालुक्यात 'वच्छलाचा चाकू' म्हणूनच मागतात. जे तिला हवं होतं ते सगळं मिळालं.

फक्त कुंतानं आपली बसायची जागा बदलली. ती आता वच्छलाच्या समोर बसते, डाव्या हातानं मासोळ्या कापते. गिऱ्हाईक बोटांचं विचारतं तेव्हा ती चाकू उघडून ठशावरचं अक्षर दाखवते, आणि समोर वच्छलाकडे हात करते. दर बाजारी, दिवसभर, वच्छलाला पलीकडून तो आवाज ऐकू येतो. खट. कमान अजून पक्की आहे, आणि वच्छलाला ठाऊक आहे, तिनं दिलेलं पाणी तीस वर्षं जात नाही.