लंबगोल चाक

माझा धाकटा भाऊ बस चालवायचा. उंचीनं माझ्या खांद्याला लागतो, म्हणून डेपोत सगळे त्याला टिल्लू म्हणत. नोकरी मागायला गेला तेव्हा तिथल्या साहेबानं विचारलं होतं, "ब्रेकपर्यंत पाय पोचतो का रे?" यानं सीट पुढं ओढली, पाठीशी पोत्याची घडी घातली, मैदानाला वळसा घातला आणि बस साहेबाच्या बुटांपाशी अशी आणून उभी केली की साहेबच मागं सरला. पुढं सगळी नोकरी त्या घडीला टेकूनच झाली.

निवृत्त होणाऱ्या ड्रायव्हरचा फोटो डेपोच्या भिंतीवर लावतात. यानं हौसेनं काढून घेतला होता. इस्त्रीचा गणवेश, बसच्या पुढच्या चाकाशेजारी उभा. निरोपाच्या दिवशी मलाही घेऊन गेला. भिंतीकडं बघितलं तर मला कळेना, हा कोण? तोंड काकडीसारखं, मान बगळ्याची, पाय संपता संपेनात!

"बघा काका, कसं उंच केलं तुम्हाला!" ऑफिसातली कारकून बाई म्हणाली. फोटो आडवा, फ्रेम उभट. तिनं कॉम्प्युटरवर फोटोची वरची कड धरून फ्रेम भरेपर्यंत ताणली होती.

त्याचे मित्र हसून लोळायचे बाकी. "टिल्ल्या, आता टपावरचं सामान खालूनच काढशील!"

माझं टाळकं सणकलं. "बाई, त्यानं उंची मागितली होती का तुमच्याकडं?"

भाऊ मात्र स्वतःकडं बघतच नव्हता. "अक्का, चाक बघ." चाकाचं अंडं झालं होतं. मग जो भडकला! "ह्या चाकावर कुणी बस चालवून दाखवा मला! अशी गाडी चालवली मी?"

"अहो काका, कार्यक्रम सुरू व्हायचाय. चाक कोण बघतंय?"

"मी बघतोय!" त्यानं फोटो भिंतीवरून उतरवला आणि तिच्या टेबलावर पालथा घातला. "हाच लावणार असाल तर मला निरोप नको. भिंत रिकामी ठेवा."

बाई फणफणत बसली. "प्रमाण राखलं तर वरखाली कोरं राहील. मग मला बोलायचं नाही."

"राहू दे की!" मी म्हटलं.

तिनं स्क्रीनवर प्रमाण राखायच्या चौकोनात बरोबरची खूण केली, कोपरा धरून फोटो ओढला, आणि माझा भाऊ परत माझा भाऊ झाला.

"एवढंच होतं? एका खुणेचा कंटाळा, म्हणून माणूस ताणून ठेवला?"

"आजी, तुम्ही बसा ना जरा."

"बसते. आधी छापा."

नवा फोटो भिंतीवर लागला. आताचे साहेब मान तिरकी करून म्हणाले, "डोक्यावर फारच मोकळं दिसतंय हो."

"असू द्या साहेब," भाऊ म्हणाला. "तिथं जागा पहिल्यापासूनच आहे."

यावर कुणी हसलं नाही. त्यानं काचेवरून चाकाभोवती बोट फिरवून बघितलं आणि खुर्चीत जाऊन बसला. साहेब त्याचं कौतुक करत होते, पण त्याचे कान अजून लाल होते. माझेही असणार.