साडूभाऊंचा पडीत समुद्र

जगात असा एकही जीव जन्माला आलेला नाही, ज्याच्याकडे पाहून माझ्या थोरल्या साडूंना एखादं पीक आठवत नाही. माणूस असो, म्हैस असो, पोपट असो की व्याही. ते आधी पानं बघतात, मग बुडखा बघतात आणि मान हलवून रोगाचं नाव सांगतात. वर्ध्याला लागून असलेल्या बोरगाव मेघेला त्यांचं कृषी केंद्र आहे, बियाणं, खतं आणि फवारणीच्या औषधांचं. त्या वासात तीस वर्षं बसून त्यांची नजरच तशी झाली आहे. माझे केस गळायला लागले तेव्हा सगळ्या सासुरवाडीसमोर त्यांनी माझं डोकं वाकवून खिडकीच्या उजेडात धरलं आणि म्हणाले, "मुळं सडून राह्यली मास्तर. पाणी जास्त होते. आंघोळ कमी करा." पुतणीच्या लग्नात नवरदेव अंमळ बुटका निघाला, तर पंगतीत पुरीचा तुकडा मोडत यांचं निदान तयार: "बियाणं चांगलं हाय. वाढीच्या टायमाले खत कमी पडलं." हे त्यांनी नवरदेवाच्या वडिलांच्या मांडीला मांडी लावून बसून सांगितलं. त्या घराशी आमचे संबंध अजून जेवढ्यास तेवढेच आहेत.

एवढा औषधांचा साठा घेऊन बसलेला माणूस गिऱ्हाइकाला औषध देईल, अशी आपली भाबडी समजूत असते. आर्वीकडचा एखादा शेतकरी सुकलेली फांदी पिशवीत घालून येतो आणि म्हणतो, सगळ्यात जालीम असेल ते द्या. साडूभाऊ फांदी उलटीपालटी करतात, वास घेतात, आणि ती त्याला परत देतात. "रोग झाडाले नाई, जमिनीत हाय. तू कितीबी फवार, दवाई वरच्या वर राहाते. तेवढा तुकडा एक हंगाम पडीत ठेव. खायाले नाई भेटलं का रोग उपाशी मरते. धीर धरजो." शेतकरी धीर धरत नाही. तो रस्ता ओलांडून समोरच्या दुकानात जातो आणि दोन डबे घेऊन जातो. मग साडूभाऊ तेच व्याख्यान रात्रीच्या जेवणात ताईंना ऐकवतात. ताई म्हणजे माझ्या बायकोची थोरली बहीण. त्या पोळी भाजता भाजता दर तिसऱ्या वाक्याला "हं" म्हणतात. त्या काही ऐकत नसाव्यात, असं आम्ही सगळे इतकी वर्षं धरून चाललो होतो.

या ताईंनी समुद्र पाहिला नव्हता. लग्न झालं त्या साली साडूभाऊंनी त्यांना शब्द दिला होता की पेरणी आटोपली की जाऊ. पेरणी आटोपली तर निंदण आलं, मग फवारणी आली, कापूस घरात आला, हरभरा आला, गहू आला, आणि गहू निघेपर्यंत पुढच्या पेरणीचं बियाणं दुकानात येऊन पडलं. असे किती हंगाम गेले कोण जाणे. ताईंनी भांडण केलं नाही. टीव्हीवर समुद्र दिसला की त्या फक्त आवाज मोठा करायच्या. अखेर दोन वर्षांपूर्वी साडूभाऊंनी एक दिवस मला फोन करून तातडीनं बोलावलं. जाऊन बघतो तो बैठकीत चार फुटी काचेची टाकी. त्यात खारं पाणी, पांढरी रेती, दगड, दगडांवर वाढणारी जिवंत पोवळी, नारिंगी पट्ट्यांची जोकर माशांची जोडी आणि एक गर्द निळा, चपटा, तोंड पाडून बसलेला मासा. साडूभाऊंनी टाकीकडे हात करून बायकोला सांगितलं, "घे. तुह्या घरीच आणला समुद्र."

ताईंनी टाकीभोवती एक फेरी मारली आणि विचारलं, "याच्यात पाय कुठं बुडवू?"

पण समुद्राचं वेड लागलं ते साडूभाऊंनाच. वर्ध्याच्या उन्हाळ्यात माणसाची कढी होते. समुद्री माशांचं काय होईल, या काळजीनं त्यांनी बैठकीत एसी बसवला. तो माशांसाठी होता. माणसांनी त्यात बसलेलं त्यांना चालायचं, पण फार बोलून हवा गरम करायची नाही. वीज गेली की इन्व्हर्टर टाकीला आणि आम्ही सगळे वर्तमानपत्राच्या पंख्याला. शेजारणीनं एकदा विचारलं, "घरच्या मिठानं नाई जमत काय हो?" त्या बाईला पुढच्या हळदीकुंकवाचं बोलावणं गेलं नाही म्हणतात. पाण्याचा खारेपणा मोजायची एक नळी त्यांनी मागवली होती आणि ती डोळ्याला लावून वाचायचं काम माझ्याकडे. मी शाळेत मराठी शिकवतो. पण साडूभाऊंच्या लेखी मास्तर म्हणजे मास्तर, त्याला सगळं यावं. निळ्या माशाचं नाव त्यांनी 'जावई' ठेवलं होतं, कारण तो येता-जाता खायचा, कशानंही रुसायचा आणि त्याच्या मागं मागं सगळं घर नाचायचं. हे ते आमच्या सासऱ्यांसमोर मोठ्या कौतुकानं सांगायचे. आपण स्वतः त्या घरचे थोरले जावई आहोत, हे त्यांच्या कधी ध्यानात आलं नाही.

ताईंचं चित्त मात्र जावयावर नव्हतं. सकाळी टाकीचा दिवा लागला की पोवळी हळूहळू उमलत. ताई त्यांना 'बोंडं' म्हणायच्या. आणि दगडाच्या कपारीत एक लाल-पांढऱ्या पाठीचा झिंगा होता. ताईंनी हात पाण्यात धरला की तो तुरुतुरु येऊन बोटांवर चढायचा आणि नखं कोरून साफ करायचा. पाय नाही तर निदान हात तरी त्यांच्या समुद्रात जात होता. चहा ठेवायच्या आधी त्या झिंग्याला भेटून यायच्या.

मागच्या जानेवारीत साडूभाऊंनी नागपूरहून एक पिवळा मासा आणला. एसटीत मांडीवर पिशवी धरून आणला आणि आल्या आल्या तसाच टाकीत सोडला. बाहेरचं रोप आपल्या वाफ्यात एकदम लावू नका, आधी वेगळं ठेवून पाहा, असं लोकांना बजावत ज्यांनी हयात घालवली, तेच हे गृहस्थ. आठवड्याच्या आत जावयाच्या अंगावर पांढरे ठिपके आले, चिमूटभर मीठ भुरभुरल्यासारखे. साडूभाऊंनी भिंग लावलं आणि म्हणाले, "भुरी हाय." भुरी म्हणजे पिकाच्या पानांवर पिठासारखी पसरते ती बुरशी. मग घरादारातून सल्ले आले. कोणी हळद म्हणालं, कोणी लसूण. लसूण त्यांनी खरंच चारला. चौथ्या दिवशी ठिपके गायब! साडूभाऊंनी आलूबोंडे मागवले, गल्लीत वाटले, आणि ज्यानं मासा विकला त्या नागपूरच्या दुकानदाराला फोन लावून सगळ्यांना ऐकू जाईल असा ठेवला. तो बिचारा म्हणाला, "भाईसाब, कीड़ा गया नहीं है. पेट भर गया तो नीचे रेत में उतरा है. वहाँ एक के सौ होंगे और फिर चढ़ेंगे. सब मछली निकालकर अलग टप में तांबे की दवा करो. और बड़ी टंकी में तांबा मत डालना, झींगा-मूंगा सब मर जाएगा." साडूभाऊंनी फोन ठेवला आणि आलूबोंडा मोडत म्हणाले, "दुकानदार तं असंच सांगते. त्याले आपला माल खपवाचा असते."

आठ दिवसांनी ठिपके परत आले, आणि आले ते पाहुण्यारावळ्यांसकट. जावई मिठात लोळून आल्यासारखा दिसत होता, दगडावर अंग घासत होता. जोकरांच्या पट्ट्या ओळखू येईनात. पिवळा मासा तर कोपऱ्यात तोंड वर करून नुसता धापा टाकत होता. मला पुन्हा बोलावणं आलं. मी पोचलो तेव्हा साडूभाऊ दुकानातून एका पुडीत मोरचूद घेऊन आले होते. फवारणीच्या बोर्डो मिश्रणात चुन्याबरोबर घालतात तो, निळा खडा, अस्सल तांबं. स्टीलच्या गडव्यात त्यांनी तो विरघळवला होता. पाणी निळंशार झालं होतं आणि त्यांचे डोळे रात्रभराच्या जागरणानं लाल.

"साडूभाऊ, तो नागपूरवाला नको म्हणाला होता ना?" मी म्हणालो.

"थोडासाच टाकतो मास्तर. जीव चालला न त्याइचा! नुसतं पाहात राहू का?"

तीस वर्षं ज्या माणसांना ते परत पाठवत होते, त्या सगळ्यांचा चेहरा त्या वेळी त्यांच्या तोंडावर होता. गडवा टाकीच्या काठावर गेला. तेवढ्यात ताई स्वयंपाकघरातून आल्या, हात कणकेनं भरलेले, आणि त्यांनी दोन्ही तळवे टाकीच्या तोंडावर आडवे धरले.

"काऊन टाकून राह्यले? माहा झिंगा मरन."

"मासे मरून राह्यले, अन् तुले झिंग्याची पडली!"

"रोग माशाले हाय का जमिनीत हाय?" ताई म्हणाल्या. आवाज चढला नव्हता. "थो नागपूरवाला सांगून राह्यला का रेतीत हाय म्हणून. तुमी रोज जेवताना काय सांगता? दवाई वरच्या वर राहाते. पडीत ठेवा, रोग उपाशी मरते. मंग ठेवा न पडीत! मासे काढा, त्याइले टपात काय द्याचं थे द्या. माह्या समुद्रात हे निळं पाणी टाकाचं नाई."

साडूभाऊंनी गडवा खाली ठेवला. इतक्या वर्षांचं "हं" आज एकदम बोललं होतं. मग ते खुर्चीत बसले आणि इतकंच म्हणाले, "तू ऐकत होती काय वं?"

त्या दुपारी आम्ही तिघांनी मिळून मासे काढले. जावयाला धरायला दोन तास लागले आणि माझा सदरा गेला. गाद्या धुवायच्या मोठ्या टपात नवं खारं पाणी, हवेचा पंप, आणि नागपूरवाला फोनवर सांगेल तेवढंच, मोजून मापून तांबं. पिवळा मासा दुसऱ्या दिवशी गेला. साडूभाऊंनी त्याला लिंबाच्या बुंध्याशी पुरलं आणि दिवसभर कोणाला पीक म्हणाले नाहीत. बाकीचे तिघं तगले. पण मोठी टाकी अडीच महिने बिनमाशांची ठेवायची होती, आणि खरं दुखणं तिथून सुरू झालं. साडूभाऊंच्या हाताला चैन पडेना. रिकाम्या टाकीसमोर खुर्ची टाकून ते बसायचे, उठायचे, काच पुसायचे. एक मासा सोडून पाहू का, असं त्यांनी मला चारदा विचारलं. चारही वेळा उत्तर स्वयंपाकघरातून आलं: "धीर धरजो."

मार्च उजाडला. टपातली औषधाची मुदत संपली, मासे साध्या खाऱ्या पाण्यात ठणठणीत होते, दुकानात सामसूम होती. ताईंनी एक दिवस पोळ्या उरकल्या आणि पदराला हात पुसत म्हणाल्या, "जमीन पडीत हाय. तुमाले काम नाई. आता तरी चाला." दुकानाला कुलूप लागलं. मला तीन पानी सूचना देऊन माशांच्या टपाशेजारी बसवण्यात आलं आणि ती दोघं कोकणात गेली.

तिसऱ्या दिवशी फोन आला. पलीकडे नुसता लाटांचा आवाज. मला वाटलं, फोन चुकून लागला. मग साडूभाऊ म्हणाले, "मास्तर, जावई जेवला काय?" जेवला, म्हटलं. "नळी आणलती मी. मोजलं इथलं पाणी. आपल्याइतकंच खारं हाय. जवळजवळ." मग पुन्हा लाटा. "तुमची ताई गुडघ्याएवढ्या पाण्यात उभी हाय. दोन तास झाले, बाहेर येतच नाई. लय उशीर केला हो मी मास्तर." एवढं बोलून त्यांनी फोन ठेवला.

येताना त्यांनी बाटलीभर समुद्राचं पाणी आणलं. मी म्हटलं, टाका आता टाकीत. साडूभाऊ दचकले. "बाहेरचं हाय न थे! आधी वेगळं ठेवू." ती बाटली अजून टाकीशेजारच्या फळीवर आहे. मासे ठरल्या दिवशी परत टाकीतल्या समुद्रात गेले. ठिपके पुन्हा आले नाहीत, झिंगा आहे, बोंडं उमलतात, जावई तोंड पाडून खातो. ताईंचे गुडघे मात्र या पावसाळ्यात फार धरले. सावंगीच्या डॉक्टरांनी लांबचा प्रवास बंद सांगितला आहे, म्हणजे समुद्राची ती पहिली भेट शेवटचीच ठरली. साडूभाऊंनी त्या गुडघ्यांवर कुठल्या रोगाचं नाव सांगितलं नाही.

दर रविवारी टाकीतलं थोडं पाणी काढून नवं भरावं लागतं. जुनं पाणी पूर्वी मोरीत जायचं. परवाच्या रविवारी मी आणि बायको सहज गेलो, तर साडूभाऊ त्याच पाण्याची बादली उचलून ताईंच्या खुर्चीकडे चालले होते. गाद्या धुवायचा तोच टप, घासून घासून पांढरा केलेला. त्यांनी पाणी ओतलं, गरम पाण्याची एक किटली सोडली, हात घालून पाहिलं, आणि खाली बसून ताईंचे पाय एकेक करून त्यात ठेवले. आम्ही दारात उभे आहोत हे त्यांना कळलं नव्हतं. टपाच्या काठाला धरून ते हळूहळू पाणी हलवत होते, लाटा याव्यात म्हणून.

"भरती आली पाह्य," ते म्हणाले.

ताईंनी डोळे मिटले आणि "हं" म्हणाल्या.