लेबल बत्तीसचं, टाकीत साधी हवा

९ फेब्रुवारी, सकाळी सहा वाजून पन्नास मिनिटे. हॅवलॉक बेटावरच्या डायव्हिंग केंद्राच्या व्यवस्थापकानं नोंदवही माझ्यापुढे सरकवली. माझ्या नावासमोर ‘ऑक्सिजन ३२ टक्के, स्वतः तपासले’ असं आधीच लिहिलेलं होतं. फक्त सही बाकी होती. मी काहीही तपासलेलं नव्हतं.

मी हिंगोलीची, रसायनशास्त्राची निवृत्त शिक्षिका. साठीनंतर डायव्हिंग शिकले. सोबत नणंद, शांतावन्सं. आखाडा बाळापूरला त्यांची हळदीची शेती. त्यांना फक्त समुद्र पाहायचा होता. हिंगोलीहून एसटीनं नांदेड, रेल्वेनं हैदराबाद, विमानानं पोर्ट ब्लेअर, पुढे बोट. वन्संच्या दशम्या विमानातही पुरल्या.

पहिल्या दिवशी बारा मीटरवर दोन डाइव्ह होते. व्यवस्थापक म्हणाला, “आंटी, आपकी उमर में नायट्रॉक्स ही लीजिए.” नायट्रॉक्स म्हणजे ऑक्सिजन जास्त आणि नायट्रोजन कमी असलेली हवा. टाकीमागे पाचशे रुपये जादा. मी नाही म्हटलं. इतक्या उथळ पाण्यात अंगात नायट्रोजन साठण्याची वेळमर्यादा येण्याआधी टाकीच संपते. वयाचा इथे काय संबंध? आणि ही हवा घेतली की जास्त खोल जाता येतं, हा तर घातक गैरसमज. बत्तीस टक्क्यांवर साधारण तेहतीस मीटरच्या खाली जायचंच नाही. तिथे ऑक्सिजनच विषासारखा वागतो.

दुसऱ्या दिवशी, म्हणजे नऊ तारखेला, अठ्ठावीस मीटरवरचा खडक पाहायचा होता. तिथे साध्या हवेवर मनगटावरचा संगणक खाली राहायला पंधराएक मिनिटं देतो, बत्तीसवर पंचवीसच्या आसपास. म्हणून नायट्रॉक्स मी स्वतः मागितला. त्याचा कोर्स मी केलेला आहे.

आणि तरी, खरं सांगते, मी पेनाचं टोपण काढलं होतं. बोट भोंगा वाजवत होती, मंडळी खोळंबली होती. वन्सं मागून म्हणाल्या, “वैनी, कांडी मोडून आतला रंग पाहिल्याबिगर आपल्याकडं कोणी हळद घेत न्हाई. तुमी तं टाकीवरची चिठ्ठी पाहूनच सही करून राहिल्या. काहून?”

सही करण्याआधी वाचायचं, हे कॉन्व्हेंटमधल्या सिस्टरनी हातावर पट्टी मारून शिकवलेलं. मी टोपण लावलं.

“मीटर लाइए.”

“आंटी, बोट छूट जाएगी. लेबल लगा है ना.”

“छूटने दीजिए.”

ऑक्सिजन मोजणाऱ्या त्या मीटरवर आकडा आला २०.९ टक्के. साधी हवा! माझा संगणक बत्तीसवर लावलेला होता. त्याच्या भरवशावर मी खाली दहा मिनिटं जास्त राहिले असते आणि वर येताना रक्तात नायट्रोजनचे बुडबुडे घेऊन आले असते. त्यातून माणूस लुळा पडतो, प्रसंगी मरतो.

“गलती हो जाती है,” व्यवस्थापक पुटपुटला.

“गल्ती तुमची अन् जीव आमच्या वैनीचा, व्हय?” वन्सं म्हणाल्या. त्याला मराठी येत नव्हतं, पण बराबर समजलं.

दुसरी टाकी मी स्वतः तपासली: ३१.८. मग उतरले. तेवीस मिनिटं त्या खडकाभोवती फिरले, एक कासव अगदी हाताच्या अंतरावरून गेलं, आणि चौसष्टाव्या वर्षी शांतपणे, नियमानं वर आले. बोटीवर सगळ्यांनी आपापल्या टाक्या तपासायला घेतल्या होत्या. मला स्वतःचा आणि त्याहून जास्त वन्संचा अभिमान वाटला.

आता हिंगोलीत बसून हे लिहिते आहे. जाणाऱ्यांनी एवढं लक्षात ठेवावं: वीस-तीस मीटरवर किंवा रोज तीन-चार डाइव्ह असतील तर नायट्रॉक्स घ्या, उथळ पाण्यात पैसे वाचवा, आणि मीटर स्वतःच्या हातात असल्याशिवाय सही करू नका.

त्या केंद्राला हाच मजकूर रजिस्टर्ड पोस्टानं पाठवला आहे. माझ्या नावासमोर तो आकडा कोणी लिहिला आणि याआधी किती जण अशा न तपासलेल्या टाक्या घेऊन खाली गेले, याचं लेखी, सहीनिशी उत्तर ३१ मार्चला संध्याकाळी पाचच्या आत मला मिळालं पाहिजे. फोन करू नये.