कुठले मिलर?

मिलरसाहेबांचं कापड कटिंग टेबलवर पसरलेलं होतं आणि गावडे मास्टर कात्रीला हात लावायला तयार नव्हते.

"मॅडम, ह्यो मिलर खंयचो?"

"स्कॉटलंडचा. कापा आता."

"स्कॉटलंडात खंयचो?"

मला माहीत नव्हतं.

मस्कतच्या गाला भागात आमचं युनिफॉर्मचं वर्कशॉप आहे. हॉटेलचे कोट, शाळांचे गणवेश, सिक्युरिटीचे शर्ट. शिवाय किल्ट. म्हणजे स्कॉटिश पुरुषांचा चुण्यांचा लोकरी घागरा. इथल्या लष्करी बँडमध्ये स्कॉटिश बॅगपाइप वाजते, त्यामुळे हे काम आमच्याकडे आलं आणि टिकलं. किल्टला आठ वार कापड लागतं. "नऊवारीपेक्षा एक वार कमी," असं गावडे मास्टर प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगतात. तेही मराठीत.

बँडचं काम सोपं असतं. सगळ्यांना एकच कापड. खाजगी गिऱ्हाईक आलं की आडनाव शोधावं लागतं. स्कॉटलंडमध्ये क्लॅन म्हणजे कूळ. प्रत्येक कुळाची रंगांची चौकट ठरलेली, ती टार्टन. मोठ्या कुळाच्या आश्रयाला राहिलेली छोटी घराणी असतात, त्यांना सेप्ट म्हणतात. ती आपल्या आश्रयदात्याचं टार्टन घालतात. याद्या मिळतात. यादीत आडनाव बघायचं, कूळ बघायचं, तिकडच्या गिरणीला कापडाची ऑर्डर द्यायची. हे काम मी अकरा वर्षं करते आहे.

मिलरसाहेब सत्तरीचे. तीस वर्षं मस्कतमध्ये इंजिनिअर होते. बायको गेली, तरी इथेच राहिले. मुलीचं लग्न स्कॉटलंडमध्ये होतं. मुलाकडचे सगळे एका नामांकित कुळातले, झाडून सारे आपापल्या टार्टनमध्ये येणार होते.

"माझ्या बाजूने मी एकटाच असेन," ते मला म्हणाले होते. "निदान कापड तरी माझं असावं. भाड्याचं नको."

त्यांचा जन्म परदेशातला. वडील नोकरीसाठी देशोदेशी फिरले. कूळ वगैरे काही माहीत नव्हतं. मी यादी उघडली. मिलर एका डोंगराळ भागातल्या कुळाचे सेप्ट म्हणून सापडले. मी नमुना दाखवला, त्यांनी मान डोलावली, मी ऑर्डर दिली. दहा मिनिटांचं काम.

आता मास्टर विचारत होते, खंयचो.

"मिलर म्हणजे काय ओ?" त्यांनी विचारलं.

"पिठाची गिरणी चालवणारा."

"मगे तसलो गावागावात आसतलो. माझा आडनाव गावडे. आयकला की लोक पयला इचारतत, खंयचो गावडे? तुमी ह्येका इचारूक नाय?"

मी स्वतः लग्नाआधीची पाटील. पाटील म्हटलं की पुढचा प्रश्न येतोच, कुठले पाटील? शंभर पाटलांचं एकमेकांशी काही नातं नसतं. हे मला माहीत होतं. पण अकरा वर्षं यादी बघून बघून मी विचारायचं विसरले होते.

तेवढ्यात आमचे अर्बाब, म्हणजे मालक, आत आले. "यल्ला, का थांबलंय?"

"कापड चुकीचं असू शकतं, सर."

"गिऱ्हाइकाने पसंत केलंय ना? कोणाला कळणार आहे?"

"त्यांना आज ना उद्या कळेल. मुलीच्या सासरच्या माणसांसमोर."

अर्बाबनी कपाळावर हात मारला. "चूक कोणाची?"

"माझी."

"मग तूच निस्तर. खलास."

मी मिलरसाहेबांना फोन लावला. "तुमचे वडील कुठले?"

"ते कधी बोलले नाहीत. मी कधी विचारलं नाही."

"त्यांचा जुना पासपोर्ट आहे?"

अर्ध्या तासाने त्यांनी फोटो पाठवला. जन्मस्थळ : विगटाउन. मी नकाशा उघडला. गॅलोवे, अगदी दक्षिणेचा सखल भाग. मी निवडलेल्या कुळाचे डोंगर तिथून कितीतरी दूर. त्या कुळाशी या मिलरांचा संबंध असल्याचा एकही पुरावा माझ्याकडे नव्हता.

अशा वेळी एक रस्ता असतो. काही जिल्ह्यांची स्वतःची टार्टन आहेत. कूळ नसलं तरी चालतं, गाव लागतं. गॅलोवेचं होतं. बरंचसं हिरवं. गिरणीत कापड शिल्लक होतं. मिलरसाहेबांनी होकार दिला आणि मी ते मागवलं.

ते पोचलं तेव्हा मिलरसाहेबांच्या विमानाला नऊ दिवस उरले होते. किल्टची शिलाई हाताची. प्रत्येक चुणीवर चौकट पुन्हा जशीच्या तशी उतरायला हवी, एक रेघ सरकली की मागून ओळ वाकडी दिसते. मास्टरांनी पाच दिवस दुसरं काही हातात घेतलं नाही.

ट्रायलला मिलरसाहेब किल्ट घालून बाहेर आले. घरी दाखवायला कोणी नाही हे त्यांनी सांगितलं नाही, पण कपडे बदलायला ते गेलेही नाहीत. शिलाई मशीनवरची माणसं बघत राहिली. मास्टर त्यांच्याभोवती दोनदा फिरले आणि म्हणाले, "परफेक्ट."

जाताना मिलरसाहेबांनी मला विचारलं, "आणि तुम्ही कुठल्या?"

"इंडिया."

"ते मला माहीत आहे. कुठल्या?"

मी गावाचं नाव सांगितलं. त्यांना ते दोनदा सांगावं लागलं. नवरा गेल्यापासून माझ्या गावाचं नाव इथे कोणी विचारलं नव्हतं, आणि मुलगा कॅनडात कोणाला सांगत असेल असं वाटत नाही.

"चांगलं नाव आहे," ते म्हणाले आणि गेले.

पुढे त्यांनी लग्नाचा फोटो पाठवला. एका बाजूला वीसेक माणसं, सगळी लाल चौकटीत. दुसऱ्या बाजूला मिलरसाहेब, हिरव्यात. एकटेच होते. त्यात मला काही करता येण्यासारखं नव्हतं. मी फोटो मोठा करून चुण्या बघितल्या. सरळ होत्या.

डोंगराळ कुळाचं ते पहिलं कापड अजून रॅकवर आहे. मी ते मुद्दाम समोरच ठेवलं आहे. ऑर्डर फॉर्मवर आता पहिला रकाना गावाचा आहे. आडनाव त्याच्या खाली.