एक कमी हाय

घोंगडीला आकडे लागत नसत. रोज संध्याकाळी ती होस्टेलच्या पायरीवर बसायची, परतणाऱ्या मुलींच्या तोंडांकडे बघत राहायची आणि जेवणाची घंटा व्हायच्या आत सांगायची, "एक कमी हाय. लक्ष्मी आली नाय अजून." एकदा मी वहीत खुणा करून तिचा पडताळा घेतला. तिचं बरोबर निघालं. माझीच एक खूण जास्त झाली होती.

निहार, सई, दर रविवारी व्हिडिओ कॉलवर तुम्ही आधी विचारता, "घोंगडीआजी कशी आहे?" आणि मग मला विचारता, "तू कशी आहेस?" हा क्रम माझ्या लक्षात आलेला आहे. दोन उन्हाळ्यांपूर्वी तुम्ही कन्नडला तिच्या अंगणात एकच दिवस राहिलात आणि परतताना वेरूळ येईपर्यंत गाडीत रडलात. माझ्या घरून विमानतळावर जाताना कुणाच्या डोळ्यांत पाणी नव्हतं. म्हणून ही बाई कोण, ते एकदा नीट लिहून पाठवते. अडलं तर बाबाला विचारा.

मी इंग्रजीत एम.ए. करायला वॉल्टेअरला गेले. नकाशात विशाखापट्टणम शोधा, तेच. माझे काका तिथे रेल्वेत होते. टेकडीवर विद्यापीठ, खाली काळे खडक आणि खिडकीभर समुद्र. नळाला पाणी आलं की घरातली सगळी भांडी भरून ठेवणारी आम्ही माणसं. एवढं पाणी उगाच पडून आहे हे बघून मला पहिले काही दिवस अस्वस्थ वाटायचं.

खोलीत माझ्या आधी एक काळी घोंगडी पोचली होती. तिची मालकीण तुळसा, कन्नडच्या घाटाकडच्या मेंढपाळांची मुलगी, शिष्यवृत्तीवर समुद्रातल्या प्राण्यांचा अभ्यास करायला आलेली. समुद्र तिनं तोवर पाहिलाही नव्हता. त्या घामट हवेत घोंगडी बघून मुली हसल्या आणि तिचं नाव घोंगडी पडलं. मी भिंतीवर वेळापत्रक लावलं, चपला ओळीत ठेवल्या. ती म्हणाली, "बाई, तू तर चालतंबोलतं टाइमटेबल हाय!" माझं नाव ते पडलं.

माझं इंग्रजी सफाईदार होतं, तिचं वाचण्यापुरतं. पण तीन महिन्यांत ती कोळणींशी तेलुगूत भांडायला लागली आणि त्या तिला जाळं ओढायला हाक मारायला लागल्या. मला तेवढ्या काळात जेवताना मीठ मागता येऊ लागलं होतं. तिच्या घरी लिहिता येणारं कुणी नव्हतं, म्हणून माझी पत्रं ती शेजारी बसून ऐकायची. हे मी आईला कळवलं आणि घरून आलेल्या पुढच्या खाऊच्या डब्यातून चिठ्ठी आली, "चटणी आधी तुळसाला दे." माझी आई, बरं का! मी चटणी दिली, पण चिठ्ठी वाचून दाखवली नाही.

"मोजत कशी नाहीस तू?" मी एकदा विचारलं.

"आकड्याचा काय भरवसा? आकडा पुरा भरतो, अन् आपलं एक हरवून दुसऱ्या कळपातलं एक घुसलेलं असतं. तोंड वळखाया पाहिजे."

दुसऱ्या वर्षी होस्टेलची सेक्रेटरी निवडायची होती. मी सुधारणांची यादी दोन पानांत लिहिली, आरशासमोर तीनदा वाचली. सभेत कुणीतरी सहज म्हणालं, "घोंगडी?" आणि सगळे हात वर गेले. ती तर उभीसुद्धा नव्हती. मी यादीची घडी केली आणि कुणाला न सांगता खडकांवर जाऊन बसले. खरं सांगायचं तर मला बघायचं होतं, माझं तोंड कमी आहे हे त्या पायरीवर कळतं का.

भरतीची वेळ मी पाहिली नव्हती. बघता बघता खडकाला चारी बाजूंनी पाणी आलं. मला पोहता येत नव्हतं आणि हाक मारायची लाज वाटत होती. उजेड कमी होत गेला. मग ती दिसली, साडी खोचून, कमरेएवढ्या पाण्यातून चालत येणारी. खडकाशी येऊन तिनं खांद्यावरच्या घोंगडीचं टोक माझ्याकडे फेकलं.

"धर. सोडू नको."

काठावर आल्यावर ती ओरडली, "मेंढरू अडकलं तर ओरडतं तरी! तू तर ओरडत बी नाय!"

"तुला कसं कळलं?"

"हात वर केले तव्हा बघत होते ना मी. तुझाच नव्हता." मग साडी पिळत म्हणाली, "सेक्रेटरी तूच हो. मला लिहायचं झेंगट नको. मी आपली पायरीवर बरी."

ती खोटी नम्रता असती तर मला बरं वाटलं असतं. तिला ते पद खरोखर नको होतं. जे मला हवं होतं ते तिला नको होतं, आणि ते तिच्याच हातून मिळालं. मी घेतलंही. यादीतल्या सगळ्या सुधारणा केल्या. ओली घोंगडी चार दिवस वाळत नव्हती, खोलीत मेंढ्यांचा वास भरला होता. त्याबद्दल मात्र मी अवाक्षर काढलं नाही.

पुढे तिनं कन्नडच्या शाळेत विज्ञान शिकवलं, मी इथे कॉलेजात इंग्रजी. येणंजाणं राहिलं, आणि माझा हेवाही.

आता जे तुम्हाला फोनवर सांगितलं नाही ते. वर्षभरापासून तिला माणसं ओळखू येत नाहीत. गेल्या आठवड्यात मी एसटीनं कन्नडला गेले. ती दारातल्या पायरीवर रस्त्याकडे बघत बसली होती. मी शेजारी बसले. उन्हं उतरल्यावर ती चुळबुळायला लागली.

"एक कमी हाय."

"कोण गं?"

"टाइमटेबल. रुसून खडकावर बसली आसंल. पाणी चढतंय तिकडं."

"तुळसा, अगं मीच टाइमटेबल."

तिनं माझं तोंड नीट निरखलं. "नाय बाई. तुम्ही दुसऱ्या कळपातल्या दिसता. बसा, चहा घ्या." आणि सुनेला हाक मारली, "माझी घोंगडी आण गं!"

सुनेनं आणून दिली. तीच, कडेला विरलेली. ती खांद्यावर टाकून तुळसा उठायला बघत होती. मी आणि सुनेनं तिला धरून बसवलं.

आयुष्यभर मी तिचा हेवा केला, मुलांनो. त्या संध्याकाळी पहिल्यांदा दुसऱ्या कुणाचा वाटला. खडकावर बसलेल्या त्या रुसक्या मुलीचा. तिला आणायला अजून कुणीतरी उठतंय.