माझ्या पळण्यामागे दोन सायकली

त्या वर्षी सौंसरच्या आमच्या घरात चौघं होतो: माय, दादा, वहिनी आणि मी. बाबा मी लहान असतानाच गेले. दादा लोकांच्या संत्र्याच्या बगीच्यात कामाला जायचा, माय आणि वहिनी कापूस वेचायला. मी घरातली पहिली नोकरीवाली. जवळच्याच एका खेड्यात प्राथमिक शाळेवर नुकतीच लागले होते.

दिवाळीनंतर शाळेत नागपूरचं वर्तमानपत्र चाळताना एक छोटी चौकट दिसली. फेब्रुवारीत नागपुरात मॅरेथॉन होती, बेचाळीस किलोमीटरची, आणि बायकांनाही पळता येणार होतं. शाळेत असताना मी तहसीलच्या स्पर्धेत आठशे मीटर पळायची. मुलींसाठी त्याहून लांब शर्यतच नसायची. दर वेळी आता कुठे दम बसतोय असं वाटायचं आणि तेवढ्यात शर्यत संपायची. ती चौकट मी कापून पर्समध्ये ठेवली आणि आठवडाभर कुणाला काही बोलले नाही.

सांगितलं तेव्हा आम्ही जेवत होतो. दादाचा घास हातातच राहिला.

"बेचाळीस? पांढुर्ण्याच्याही पुढं जाशील तू. अन् कायले? बस नाही का?"

"पळून पाहाचं आहे मले. रोज पहाटे शाळेच्या आधी सराव करीन."

"पहाटे अंधारात पोरीनं एकटीनं रोडवर पळाचं नाही. बस."

माय खाली मान घालून जेवत राहिली. बोलली ती वहिनी. "एकटी कायले? मी राहीन ना सोबत."

"तू पळशील?"

"सायकलनं."

"तुले सायकल येते?"

"शिकीन," वहिनी म्हणाली आणि दादाला अजून एक भाकर वाढली.

माझ्या शाळेतल्या एका बाईंची लेडीज सायकल होती, ती मागून आणली. शाळेच्या मैदानावर संध्याकाळी वहिनीची शिकवणी सुरू झाली. साडीचा काठ चेनमध्ये अडकायचा. मी मागून सीट धरायची आणि ती ओरडायची, "सोडू नको बाई, सोडू नको!" पहिल्या आठवड्यात तिचे दोन्ही गुडघे सोलले. पंधराव्या दिवशी मी सीट सोडली आणि तिला कळलंच नाही. मैदानाचा अर्धा फेरा झाल्यावर तिनं मागं वळून पाहिलं आणि थेट बोरीच्या झुडपात गेली. काटे काढता काढता हसून हसून आम्हाला बोलता येईना.

डिसेंबर लागला तशी थंडी वाढली. आम्ही पाच वाजता निघायचो. सलवार-कुर्त्यावर दादाचा जुना स्वेटर, कानाला मफलर, पायात कॅनव्हासचे बूट. बगीच्यांच्या बाजूनं पळताना हवा इतकी गार असायची की दात दुखायचे. बुटाची नाडी सुटली तर बोटं वाकत नसत, मग वहिनी खाली बसून बांधून द्यायची. परत येईपर्यंत माय चुलीत कापसाच्या वाळक्या पराट्या पेटवून पाणी तापवायची आणि माझ्या पोटऱ्यांना जवसाचं तेल चोळायची. पळण्याबद्दल मात्र एक शब्द विचारायची नाही.

रस्त्यावर लोक शेकोटीपाशी बसलेले असत. पहिले काही दिवस ते उठून उभेच राहायचे. एकदा एका म्हाताऱ्या शेतकऱ्यानं बैलबंडी थांबवली.

"काऊन व बाई, घरी सगळं बरं हाये ना? कोनी बिमार हाये का?"

"नाही बाबा, अशीच पळून राहिली."

त्याला ते पटलं नाही. "बस बंडीत. जिथं जाचं हाये तिथं सोडतो," म्हणाला. नको नको म्हणताना त्यानं चार संत्री हातात दिली. वहिनीनं ती पदरात बांधली आणि परत येताना पुलावर बसून आम्ही खाल्ली.

जानेवारीत धुकं पडू लागलं. एका सकाळी आम्ही जामसांवलीकडून परत येत होतो. मी पुढे होते, वहिनी मागे. समोरून संत्र्याचा ट्रक आला. वहिनीनं सायकल डांबराच्या खाली घेतली, दहिवरानं ओल्या झालेल्या गवतावरून चाक सरकलं आणि ती सायकलीसकट नालीत गेली. मी धावत गेले तेव्हा ती उठून बसली होती, पण उजवा हात मनगटापाशी भलताच वाकलेला दिसत होता. ट्रकवाल्यानं गाडी थांबवली, मागे वळवली आणि दोघींना केबिनमध्ये बसवून दवाखान्यात सोडलं. वाटेत वहिनी एकदाही रडली नाही. मीच रडत होते.

प्लॅस्टर घालून घरी आलो. दादा ओरडेल असं वाटलं होतं. तो नुसता म्हणाला, "झालं. आता बंद."

मी बूट पलंगाखाली सारले. तीन दिवस भाकरी थापल्या, धुणं केलं, वहिनीची वेणी घातली. मला तिच्याकडे पाहायची शरम वाटत होती. चौथ्या दिवशी पहाटे तिनंच डाव्या हातानं हलवून मला उठवलं.

"ऊठ बाई. ते बाहेर उभे आहेत."

बाहेर दादा आपली सायकल घेऊन उभा होता. डोक्याला दुपट्टा गुंडाळलेला, तोंडातून वाफ निघत होती. "चाल. उशीर होऊन राहिला," एवढंच म्हणाला.

तिनं त्याला काय सांगितलं ते मी नंतर विचारलं. वहिनी म्हणाली, "काही नाही व. म्हटलं, हात माझा मोडला, तिचे पाय कायले बांधून ठेवता?"

पहिला आठवडा दादा मागून गुपचूप यायचा. माझ्या बुटांचा आवाज आणि त्याच्या चेनची करकर, बाकी काही नाही. मग एका सकाळी तो आपणहून बोलायला लागला. पाठीमागून, तोंड न दाखवता.

"मी आठवीत शाळा सोडली तेव्हा मास्तर घरी आले होते. दोनदा."

मला हे माहीत नव्हतं. आमच्या घरात सगळे सांगायचे, दादाला अभ्यासाचा कंटाळा होता.

"मायनं चहा पाजला त्याहिले. मी मागच्या दारानं बगीच्यात निघून गेलो. बाबा गेले होते, कोनाले तरी जावंच लागत होतं."

"मग माय असं काऊन सांगते, का तुले शिकाचंच नव्हतं?"

"मीच म्हटलं होतं तसं सांग म्हणून. नाही तं तू बी शाळा सोडली असती."

मी थांबले. तो म्हणाला, "थांबू नको, अंग गार पडते." मी पुन्हा पळायला लागले. डोळ्यांतलं पाणी थंडीचं आहे असं त्याला वाटावं म्हणून मफलर वर ओढून घेतला. त्यानंतर रोज काही ना काही बोलणं व्हायचं. बोलायचा तोच. मला दम कुठे असायचा?

शर्यतीच्या तीन आठवडे आधी मी सौंसरहून पांढुर्ण्यापर्यंत पळाले. जाम नदीपाशी पोचले तेव्हा ऊन वर आलं होतं आणि पलीकडचं सावरगाव स्वच्छ दिसत होतं. बसस्टँडवर दादानं गरम आलुबोंडे घेतले. मी पाच खाल्ले. सायकल बसच्या टपावर टाकून आम्ही परत आलो.

नागपूरला आदल्या दिवशी तिघं गेलो आणि वहिनीच्या मावशीकडे उतरलो. सकाळी सुरुवातीच्या रेषेवर आम्ही बायका हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या होतो. सायकल सोबत नेऊ देत नव्हते. दादा दोरीपलीकडे उभा राहिला.

तिसाव्या किलोमीटरपर्यंत मी बरी होते. पुढे मांडीत पेटका आला आणि मी फुटपाथवर बसले. तिथं झाडून काढणारी एक बाई होती. तिनं आपल्या बाटलीतलं पाणी दिलं, माझी मांडी चोळली आणि म्हणाली, "आता ऊठ माय. बसली तं बसूनच राहशील." तिनं दंडाला धरून मला उभं केलं. मी आधी चालले, मग जरा पळाले, मग पुन्हा चालले.

पोचले तेव्हा मंडपाचं कापड सोडत होते. टेबलावरच्या एका माणसानं घड्याळ पाहून वहीत माझा नंबर लिहिला. वहिनी धावत आली, पण तिच्याआधी दादा माझ्या पायाशी बसला होता. त्यानं नाड्या सोडल्या आणि हळूच बूट काढले. अंगठ्याचं नख काळं पडून सुटलं होतं. तो बराच वेळ माझं पाऊल हातात धरून बसला.

"लय दुखते का?"

"हो."

"मले वाटलं होतं का तू तीस किलोमीटरलेच बसशील," तो म्हणाला. मी बसले होते हे त्याला त्या दिवशी सांगितलं नाही.

घरी पोचलो तर माय दारात. तिनं पहिल्यांदाच विचारलं, "कितवा नंबर आला?"

"माय, माझ्या मागं एकच होती."

"पोचली का मंग ते?"

"हो, ते बी पोचली."

"चांगलं झालं," माय म्हणाली आणि पाणी तापवायला आत गेली.